मोटारीचा चौथा पाय

बेळगाव
७ ऑक्टोबर २०२५

बुद्धप्रिय,

जय भीम. पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच भट्टीत टाकणार असशील, तर एवढं एक वाक्य वाच आणि मग टाक: तू आमच्या कारखान्याला नवं वाइंडिंग भरून दिलेली मोठी मोटार थरथरते आहे, आणि ती का थरथरते हे शोधायचं काम माझ्याकडे आलं आहे.

टाकलं नाहीस ना? मग आता सावकाश वाच.

बहिणीने सख्ख्या भावाला निपाणीइतक्या जवळ पत्र का लिहावं, ते तुला माहीत आहे. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. आईच्या फोनवर केला तर ती म्हणते, "त्यो भायेर गेलाय गं," आणि तिच्या मागे तुझा हातोडा चाललेला मला स्पष्ट ऐकू येतो. आईला खोटं बोलायला लावू नकोस, तिला जमत नाही. शामूचा टेंपो तसाही तुझ्या मोटारी घेऊन इकडे येतच असतो, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देते आहे. तवंदीच्या घाटात त्याने ते फोडून वाचलं तर त्याचं त्याला.

आता कामाचं. मोटार आमच्या फाउंड्रीतल्या धूळ ओढणाऱ्या ब्लोअरची. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ती तुझ्याकडून आली. नवमीच्या सकाळी आमच्या भरमू फिटरने ती बेसवर चढवली, बेससकट रंगवली, दुपारी पूजा झाली. मी नवमी आणि दसरा असे दोन दिवस रजेवर होते. दसऱ्याला आपला धम्मचक्र प्रवर्तन दिन, सकाळपासून मिरवणुकीत. सुट्टी संपवून ब्लोअर चालू केला तेव्हापासून मोटार अंगात आल्यासारखी हलते आहे. शेजारच्या टेबलावर ठेवलेला चहाचा कप चालत चालत कडेला येतो. ब्लोअर बंद ठेवायचा तर सगळा मोल्डिंग विभाग धुळीने बंद. त्यामुळे अधूनमधून चालवतो आणि हात जोडून बसतो.

आमचे प्लॅंट मॅनेजर मारुतीराव म्हणजे माणूस वाईट नाही, पण एकदा मनात घेतलं की घेतलं. ते म्हणाले, "मोटार भरायच्या आधी गप हुती, भरून आली आणि हलाय लागली. म्हंजे भरणाऱ्याचंच चुकलंय. तुम्ही तपासून तसं लिवून द्या, म्याडम. निपाणीचं नाव काढून टाकू."

माझ्या ओळखपत्रावर सासरचं आडनाव आहे. तो निपाणीवाला माझा भाऊ आहे हे इथे कोणालाही माहीत नाही.

तुझं नाव आमच्या स्टोअरच्या यादीतून गेलं तर काय होईल, हे मी तुला सांगायला नको. उद्यमबागेत मोटार बाहेर धाडण्याआधी एक कारखाना दुसऱ्याला विचारतो. इथून नाव गेलं की बेळगावातून गेलं. आप्पांनी सायकलच्या कॅरिअरला मोटारी बांधून हे गिऱ्हाईक जोडलं होतं. त्यांच्या नावाचा बोर्ड अजून दुकानावर आहे ना? म्हणून विचारते, उत्तर दे: तुझ्याकडे ही मोटार चालवून बघितली होतीस का? कुठे ठेवून? कशी चालली?

मला उत्तर द्यायचं नसेल तर शामूला सांग, तो मला सांगेल. मध्ये एक टेंपो असला की आपलं बरं जमेल.

सुनयना

बेळगाव
१० ऑक्टोबर

बुद्धप्रिय,

शामूने सगळं सांगितलं. पत्र घेतलंस, वाचलं नाहीस, खिशात घातलंस. मग चहा झाल्यावर दुकानाच्या मागे जाऊन वाचलंस. बाहेर आल्यावर त्याला म्हणालास, "मोटार नीट हुती म्हणून सांग तुझ्या म्याडमला. फरशीवर मोकळी ठेवून चालवलीया. वर रुपया उभा केलता, पडला न्हाय." शामू म्हणतो, त्याने स्वतः बघितलं, नाणं मोटारीच्या पाठीवर कडेवर उभं, आणि मोटार फुल वेगात.

माझा त्यावर विश्वास आहे. तू लाख हट्टी असशील, पण आप्पांच्या टेबलावरून हलणारी मोटार बाहेर पाठवणार नाहीस. फक्त अडचण अशी आहे, की माझं मीटर तुझ्या विरुद्ध बोलतं आहे.

आधी मी ब्लोअर सोडवून नुसती मोटार चालवली. तरी थरथर तशीच. म्हणजे दोष ब्लोअरच्या पंख्यात नाही, दोघांना जोडणाऱ्या कपलिंगमध्येही नाही. मोटारीतच आहे. मग आप्पांची परीक्षा केली. आठवते ना? मोटारीवर पंजा ठेवायचा आणि दुसऱ्याने बटण बंद करायचं. मोटार हळूहळू थांबते तशी थरथर हळूहळू गेली तर दोष लोखंडाचा: बेअरिंग, वजन, वाकलेला शाफ्ट. पण बटण दाबल्या क्षणी, मोटार अजून जोरात फिरत असतानाच, थरथर पट्‌कन गेली तर दोष विजेचा. आज तेच मी चुंबकाने चिकटणाऱ्या सेन्सरने करते, पण खरं सांगू, आधी हात ठेवला आणि मगच मीटर लावलं.

बटण बंद केल्याबरोबर गेली. पट्‌कन. दोन-तीनदा करून बघितलं. वीज बंद, थरथर बंद.

हे जर मारुतीरावांना आजच्या आज लिहून दिलं तर त्याचा अर्थ एकच होतो: विजेचा दोष, म्हणजे वाइंडिंगचा, म्हणजे तुझा. पण तिन्ही तारांतला करंट मी मोजला, तो अगदी सारखा. वाइंडिंग बिघडलं असेल तर असा सारखा येत नाही. म्हणून मी अजून काही लिहिलेलं नाही. मारुतीराव रोज विचारतात, मी रोज म्हणते तपासते आहे.

संध्याकाळी घरी येऊन बसले की ते आपलं टेबल डोळ्यांपुढे येतं. तू बटणाशी, माझा हात मोटारीवर, आप्पा डोळे मिटून विचारताहेत, लोखंड की वीज, आणि आई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळते आहे. तू माझ्या तोंडाकडे बघून उत्तर द्यायचास, लबाडा, म्हणून तुझं उत्तर नेहमी बरोबर यायचं. मोटार बांधायची वेळ झाली की आप्पा आईकडे दोरा मागायचे. मोटारीच्या ज्या पायाखाली पातळ पत्र्याच्या पट्ट्या होत्या त्या त्याच पायाला बांधून पाठवायच्या, म्हणजे बसवणाऱ्याने त्या परत तिथेच घालाव्यात. विडीच्या दोऱ्याची आईची ती गाठ, एका टोकाने ओढली की सुटणारी. तू अजून तसं करतोस का, मला माहीत नाही. दुकानाच्या आत येऊन मला वर्षं झाली.

ते का, हेही आज लिहूनच टाकते. आप्पा गेल्यावर मी डिप्लोमा झालेली, चांगली नोकरी मिळत असताना म्हणाले, दोघं मिळून दुकान चालवू. तू म्हणालास, "आक्का, बाईमाणूस मोटार खोलतंय म्हटल्यावर गिऱ्हाईक काय म्हणंल?" आणि मला बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून दिलीस. लाल प्लॅस्टिकची. त्यानंतर जेव्हा जेव्हा आले तेव्हा तीच खुर्ची, बशीसकट चहा, खारी, आणि दुकानाचं दार पुढे ओढलेलं. माझ्याच घरात मी पाहुणी. मग मी यायचं बंद केलं आणि तू फोन उचलायचं.

मला याचा अजून राग आहे. पण त्या रागाने मी तुझ्या मोटारीचा निकाल लावणार नाही, एवढं तरी तुला ठाऊक असावं.

सुनयना

बेळगाव
१३ ऑक्टोबर

बुद्धप्रिय,

या खेपेला शामूने आणलेलं उत्तर म्हणजे "बरं म्हणाला." बस्स. तुझं "बरं" मी लहानपणापासून ऐकत आले आहे, त्यातून काहीही निघतं. म्हणून माझं मीच ठरवलं.

आज मी मारुतीरावांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, की निपाणीचा बुद्धप्रिय माझा सख्खा भाऊ आहे. नाव लपवून लिहिलेला रिपोर्ट कितीही खरा असला तरी पुढे कोणाला कळलं की खोटाच ठरतो.

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "अहो म्याडम, हे आधी सांगायचं न्हाय व्हय? आता तुम्ही मोटार बरी हाय म्हणालात तर लोक म्हणणार भावाला वाचवलं. वाईट हाय म्हणालात तर म्हणणार घरातलं भांडण काढलं."

मी म्हटलं, "मी काहीच म्हणत नाही. मोटार चालू ठेवून सगळ्यांसमोर बोल्ट ढिले करू. मीटरचा आकडा तुम्ही वाचा. पाना मोटार भरणाऱ्याच्याच हातात द्या."

तुला कळलं असेलच मी कशाच्या मागे आहे. तुझा तो रुपया माझ्या डोक्यातून जाईना. तुझ्या फरशीवर मोटार मोकळी उभी होती आणि शांत होती. आमच्या बेसवर तिचे चारही पाय बोल्टने आवळलेले आहेत आणि ती थरथरते. मधे बदललं काय, तर फक्त आवळणं. समज, एक पाय बेसला टेकतच नसेल. खाटेचा एक पाय आखूड असावा तसा. बोल्ट आवळला की तो पाय ओढून खाली येतो आणि मोटारीचं सगळं अंग पिळलं जातं. बाहेरची चौकट पिळली की आतला फिरता भाग बरोबर मधोमध राहत नाही. एका बाजूची फट कमी होते, आणि वीज त्या बाजूला जास्त ओढते. म्हणूनच बटण बंद केलं की थरथर जाते. दिसतो दोष विजेचा, असतो पायात.

पण हा माझा अंदाज. भरमू छातीवर हात ठेवून सांगतो, "म्याडम, चारी पाय टेकल्यात. म्या सोता आवळलंय." आवळल्यावर टेकणारच, पण त्याला ते पटत नाही. बघावं म्हटलं तर बेस आणि पाय नवमीला एकाच करड्या रंगाने जाड रंगवून टाकलेत, सांधा कुठे दिसत नाही. आणि मागचा एक पाय तर भिंतीकडे, तिथे नीट वाकताही येत नाही. त्यात मोटार उचलायच्या वरच्या कड्याला नवमीचा हार अजून तसाच आहे, झेंडू वाळून काळा पडलाय, मागच्या बाजूने पार खालपर्यंत लोंबतो. मी सेन्सर लावताना त्याच्या कडेकडेने लावते. हाराला हात लावत नाही. मी लावला आणि चार फुलं पडली तरी काय बोललं जाईल, ते तुला माहीत आहे आणि मलाही. भरमू तसा सरळ माणूस आहे, माझ्या डब्यातली शेंगाचटणी मागून खातो. त्याच्या मनात काही येऊ नये एवढंच.

मारुतीरावांनी गुरुवार दिला आहे. गुरुवारी अंदाज खरा ठरला नाही तर मला "विजेचा दोष" असं लिहून सही करावी लागेल, आणि मी करीन. तुझ्यामागे, तुझ्या नकळत ती सही करायची माझी इच्छा नाही.

ये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण ये.

सुनयना

बेळगाव
१७ ऑक्टोबर

बुद्धप्रिय,

काल तू आलास. फाटकाशी टेंपोतून उतरलास, इस्त्रीचा शर्ट घातला होतास, आणि सगळ्यांसमोर मला "नमस्कार म्याडम" म्हणालास. मी पण "नमस्कार" म्हटलं. हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते तू बघितलंस की नाही मला माहीत नाही.

काल घडलं ते तुझ्यासमोरच घडलं, तरी मी लिहिते आहे. कारण तू आईला नीट सांगणार नाहीस. "झालं" म्हणशील आणि हात धुवायला जाशील. तेव्हा हे तिला वाचून दाखव.

मोटार चालू केली. मारुतीराव मीटर धरून उभे, जणू तापच मोजताहेत. तू पाना लावलास. पुढचा पहिला बोल्ट थोडा ढिला केलास, आकडा तसाच. परत आवळलास. दुसरा, तसाच. मारुतीरावांनी माझ्याकडे बघितलं. मागचा तिसरा, काही नाही. मी मनात रिपोर्टची ओळ सुद्धा तयार करायला लागले होते, तुझं नाव कुठे लिहायचं ते.

चौथा भिंतीकडचा. तू आडवा होऊन आत शिरलास, इस्त्रीच्या शर्टाची वाट लागली. पाना फिरला आणि मोटारीचा आवाजच बदलला. ती जी आठवडाभर दात खाल्ल्यासारखी कुरकुरत होती ती एकदम गप्प झाली. मारुतीराव मीटर हलवून बघू लागले, त्यांना वाटलं बंद पडलं. मग त्यांनी मीटर बाजूला ठेवलं आणि सरळ मोटारीवर पंजा ठेवला. आप्पा ठेवायचे तसा.

"आवळा बघू," ते म्हणाले. तू आवळलास, थरथर आली. "सोडा." गेली.

मोटार बंद करून, वीज काढून, बोल्ट पूर्ण सोडल्यावर तो पाय आपसूक वर उठला. खाली पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी फट. तू पडल्यापडल्याच विचारलंस, "हितल्या पट्ट्या कुटं हाईत? म्या बांधून धाडल्यात."

भरमू म्हणाला, "कसल्या पट्ट्या?"

"पत्र्याच्या. ह्याच पायाला बांदल्या हुत्या. लाल दोऱ्यानं."

आणि आई, भरमूचं तोंड तू बघायला हवं होतंस. हो, हे आता तुलाच लिहिते आहे, आई. तो तसाच उठला, हात पुसले, मोटारीच्या मागे गेला, आणि तो वाळलेला हार दोन्ही हातांनी अलगद वर उचलला. हाराखाली मोटारीच्या कड्याला त्या पट्ट्या लटकत होत्या. लाल दोरा, वर हळद, वर कुंकू.

"सायेब, म्या म्हटलं निपाणीवाल्यांनी गंडा बांधून धाडलाय," भरमू म्हणाला. "पायापशी लोंबकळत हुता. देवाधर्माचं असं पायाखाली कसं घालायचं? म्हणून सोडून वर बांदला. पूजेत त्यालाबी कुंकू लावलं."

तेव्हा बुद्धप्रिय तिथेच फरशीवर उठून बसला, अंगभर धूळ, आणि म्हणाला, "ओ भरमूदा, आमच्यात गंडादोरा चालत न्हाय. ती मोटारीच्या पायातली चप्पल हाय. तुमी डोक्यावर ठेवली."

आधी मारुतीराव हसले. मग सगळा विभाग हसला. भरमू पण हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. पट्ट्या सोडवायला त्याचा हात काही पुढे होईना. "आता पुजलेलं म्या कसं काडू?" म्हणाला. "म्याडम, तुमीच काडा. तुमच्या घरचंच हाय."

इतके दिवस मी ज्याला हात लागू नये म्हणून अंग चोरून काम केलं, ते मला त्याने स्वतः काढायला सांगितलं. हार बाजूला करून मी दोरा धरला. आणि आई, ती तुझी गाठ होती. भरमूने वरची नवी गाठ मारली होती, पण पट्ट्यांची जुडी जिने बांधली होती ती तुझी. मी एक टोक ओढलं आणि ती सुटली. तू अजून बांधतेस. दृष्टी कमी झाली म्हणून विड्या सोडल्यास असं मला सांगितलंस, पण हे सोडलेलं नाहीस. आठवडाभर मी मीटर घेऊन त्या मोटारीभोवती फिरत होते आणि तुझी गाठ झेंडूखाली माझ्या तोंडासमोर होती.

बाकीचं थोडक्यात. पट्ट्या पुसल्या, पायाखाली घातल्या, बोल्ट आवळले, मोटार चालू केली. भरमूने खिशातून रुपया काढून तिच्या पाठीवर उभा केला. राहिला. मारुतीरावांनी माझ्याकडून रिपोर्ट घेतला आणि कारणाच्या रकान्यात "पायाखालच्या पट्ट्या न घातल्याने" एवढंच लिहायला सांगितलं. पूजेचं लिहू नका म्हणाले. मी लिहिणारही नव्हते. यादीत बुद्धप्रियचं नाव होतं तिथेच आहे.

इथवर आईला वाचून दाखव. आता पुढचं तुझं एकट्याचं.

काम झाल्यावर ऑफिसच्या मुलीने तुला खुर्ची आणून दिली. मीच सांगितलं होतं. चहा आला, बशीसकट. तू खुर्चीकडे बघितलंस, मग माझ्याकडे. "म्या बसाय आलो न्हाय," म्हणालास, आणि उभ्याउभ्याच चहा संपवलास. भरमू तिकडे तुझ्या वाइंडिंगबद्दल काहीतरी विचारत होता, तर तू कप घेऊनच त्याच्याकडे गेलास, मोटारीपाशी. खुर्ची तिथेच राहिली.

तुला टोचावं म्हणून मी खुर्ची मागवली नव्हती. पाहुण्याला देतात तशी दिली. पण तुझा चेहरा बघितला आणि वाटलं, आता कळलं असेल. हाताला ग्रीस असलेल्या माणसाला स्वच्छ खुर्चीवर बसवून ठेवलं की कसं वाटतं ते.

बुद्धप्रिय, मला दुकान नको. बोर्डावर नाव नको. माझी नोकरी चांगली आहे आणि ती मी सोडणार नाही. मला फक्त त्या टेबलाशी उभं राहायचं आहे. रविवारी माझी सुट्टी असते. तू बटण बंद करायचं, मी हात ठेवायचा. माझ्या तोंडाकडे बघून उत्तर दिलंस तरी चालेल.

तू काल जाताना टेंपोत चढलास आणि परत खाली उतरलास. काहीतरी म्हणणार होतास. मग शामूने हॉर्न वाजवला. शामूला मी नंतर चांगलं झापलं आहे.

आक्का

निपाणी
२८ ऑक्टोबर

आक्का,

जय भीम. मला पत्र लिवायची सवय न्हाय, चुकलं माकलं समजून घे.

तुझी सगळी पत्रं ठेवल्यात. शेवटचं आईला वाचून दावलं. भरमूचं आलं तवा लई हासली, मग गाठीचं आलं तवा परत वाच म्हणाली. दुसऱ्यांदा वाचलं. तुझं माझं जे हाय ते वाचलं न्हाय, पर तिनं विचारलं, "पुडं काय लिवलंय?" म्या म्हटलं कामाचं हाय. ती म्हणाली, "व्हय, कामाचंच असंल."

दिवाळीत तू येशील असं आईला वाटलं हुतं. मलाबी वाटलं हुतं.

शामूबरोबर तुमच्या कारखान्याची दुसरी मोटार धाडलिया. पट्ट्या बांदल्यात. यावेळी विडीच्या पुड्याचा पुट्टा कापून वर लिवलंय: ह्यो गंडा न्हवं, पायाखाली घाला. भरमूदाला म्हणावं, राग धरू नका. मानूस चांगला हाय.

ही मोटार म्या फरशीवर चालवून बघितलिया. रुपया उभा ऱ्हातोय. पर बटण बंद केल्यावर शेवटाला जरा कायतरी लागतंय हाताला. आई म्हणती काय न्हाय. मला हाय वाटतंय. तू तिथं बेसवर बसवायच्या आधी एकदा हात ठेव आणि काय ते सांग.

आनी हितं एक आलिया, साखर कारखान्याची, म्हशीएवढी हाय. ती माझ्या एकट्याच्यानं कळंना. ऐतवारी ये. मीटर घिऊन ये. जुनी साडी न्हायतर ड्रेस घाल, ग्रीस लागंल.

दार उगडंच हाय. खुर्ची म्या माळ्यावर टाकलिया.

बुद्धप्रिय